माउस कोणाच्या हातात?

शाळेत संगणक आहेत का, त्यांतले चालू किती, इंटरनेट आहे का, हे यू-डायस प्लसच्या अर्जात दरवर्षी भरावं लागतं. त्याची बेरीज होऊन देशाचा आकडा निघतो. २०२३-२४ मध्ये चालू संगणक असलेल्या शाळा ५७.२ टक्के होत्या आणि इंटरनेट असलेल्या ५३.९ टक्के. पुढच्याच वर्षी हे आकडे ६४.७ आणि ६३.५ वर गेले. वाढ चांगलीच आहे. पण अकोट तालुक्यातल्या सातवीच्या मुलीला त्या संगणकावर काय करता येतं, ते या अर्जातून कळत नाही. ते कळायला हवं का, आणि हवं असेल तर कोणी आणि कसं पाहायचं, यावर वऱ्हाडातल्या शिक्षकांत दोन तट आहेत. ते दोन्ही तट मी इथे दोन माणसांच्या तोंडी दिले आहेत. एक आहेत निवृत्त केंद्रप्रमुख. त्यांची नोकरी आधी दर्यापूर तालुक्यात आणि मग मेळघाटात, धारणीकडे झाली. दुसऱ्या अकोला जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत शिकवतात. माणसं कल्पनेतली आहेत, वाद कल्पनेतला नाही.

सर : मॅडम, २०१५ च्या जूनमध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय आला. त्याच्यानंतर दोन-तीन वर्षं गावोगाव एकच गोष्ट चालली होती, शाळा डिजिटल कराची. लोकांनी वर्गणी दिली. कापूस विकून आलेला माणूस शाळेत येऊन पाचशेची नोट टेबलावर ठेवून जाये. गाडगेबाबांचा मुलूख आहे हा, शिक्षणासाठी मागितलं तं लोक हात आखडत नाहीत. टीव्ही आले, प्रोजेक्टर आले. तालुक्याले तक्ता गेला, 'डिजिटल शाळा : होय', अन् तिथंच सारं थांबलं. ज्या माणसानं नोट ठेवली, त्याच्या पोट्ट्याले त्यातून काय आलं, हे सांगणारा एक कागद आपल्याजवळ नाही. म्हणून म्हणतो, मोजाले पायजे. टीव्ही मोजून झाले, आता पोट्ट्याले काय येते ते मोजा.

मॅडम : सर, तुमच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. पण मोजायचं ठरलं की काय होईल ते मी सांगते. ग्रुपवर एक लिंक येईल, खाली लिहिलेलं असेल 'तात्काळ, आजच भरावे'. त्यात एक रकाना असेल : संगणक हाताळू शकणारे विद्यार्थी. संध्याकाळपर्यंत अख्ख्या जिल्ह्यातल्या सगळ्या मुलांना संगणक हाताळता येऊ लागेल.

सर : म्हणजे शिक्षक खोटं लिहितात म्हणता?

मॅडम : त्याच उत्तरावर शाळेची श्रेणी लागणार असेल, तर खरं लिहिणाऱ्यालाच नोटीस येते. मग तो काय करेल? शाळासिद्धी आठवा. सात क्षेत्रं, शेहेचाळीस गाभा मानकं. चौकट विचार करून केलेली होती, हे मी मान्य करते. साधनं आहेत का हे एकीकडे आणि ती वापरण्याजोगी आहेत का हे दुसरीकडे, असे दोन वेगळे स्तर द्यायचे होते. स्वतःच्या शाळेकडे प्रामाणिकपणे बघायचं साधन होतं ते. पण 'अ' श्रेणी किती शाळांची आली यावर तालुक्याची इभ्रत ठरायला लागली आणि आरसा म्हणून दिलेली गोष्ट गुणपत्रिका होऊन बसली.

सर : तो दोष चौकटीचा नाही.

मॅडम : चौकटीचा नाहीच. तिच्यावर काय लटकवलं, त्याचा आहे. आणि आणखी एक. मुलाला काय येतं हे तपासण्याआधी ते त्याला करायला मिळालं का, हे कोण तपासणार? माझ्या ओळखीच्या एका शाळेचा पट तीसच्या आत आहे. समग्र शिक्षातून अशा शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान मिळतं १०,००० रुपये. एकतीस ते शंभर पटाला २५,०००. त्यातलेही किमान दहा टक्के स्वच्छतेसाठी. उरलेल्यात खडू, कागद, नळाची दुरुस्ती, फळ्याचा रंग आणि विजेचं बिल. बिल थकलं की मीटर जातं. मीटर गेलं की टीव्ही म्हणजे भिंतीवरची काळी पाटी. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, बंद खोलीत ठेवलेली इन्व्हर्टरची बॅटरी अशा उन्हाळ्यात किती तग धरणार? त्या शाळेतल्या मुलाची तुम्ही चाचणी घ्याल आणि लिहाल, कौशल्य अविकसित. तुम्ही मूल मोजलेलंच नसेल, मीटर मोजलेलं असेल.

इथे मला मॅडमचं म्हणणं पूर्ण पटतं. कौशल्याची नोंद आणि संधीची नोंद एकाच पानावर शेजारी शेजारी असली पाहिजे. त्या वर्षात मूल प्रत्यक्ष किती वेळ यंत्रासमोर बसलं, हा आकडा नसेल तर त्याच्या कौशल्याच्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. पण सरांची बाजू यानं संपत नाही, कारण ते मेळघाटातून आलेले आहेत.

सर : तुम्ही हरिसालचं नाव ऐकलं असान. धारणी तालुक्यातलं गाव. २०१६ च्या आसपास देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून पेपरात आलं. राज्य सरकार अन् मायक्रोसॉफ्ट, दोघं मिळून. टीव्हीच्या प्रसारणातल्या ज्या लहरी रिकाम्या पडून राहतात, त्याच्यावरून जंगलात इंटरनेट आणाचा प्रयोग होता. दवाखाना शहरातल्या डॉक्टरले जोडाचा, शाळेत ई-लर्निंग, दुकानात कार्डानं पैसे. मले वाईट वाटलं नाही, आनंदच वाटला. ज्या भागात पावसाळ्यात रस्ता तुटते, तिथं तार नसलेलं इंटरनेट पोहोचते म्हणजे मोठी गोष्ट आहे. मग २०१९ ची लोकसभा आली. एप्रिलमध्ये राज ठाकऱ्यांनी भर सभेत पडद्यावर हरिसाल दाखवलं, जाहिरातीतलं गाव अन् खरं गाव. सरकारनं आपली बाजू मांडली. टॉवर आहे की नाही, रेंज येते की नाही, दुकानात यंत्र चालते की नाही, यावर राज्यभर चर्चा झाली. त्या साऱ्या गदारोळात एक प्रश्न माझ्या कानावर आला नाही. हरिसालच्या शाळेतल्या पाचवीच्या पोट्ट्याले आता असं काय करता येते, जे दोन वर्षांआधी येत नव्हतं?

मॅडम : तो प्रश्न विचारला असता तर उत्तर कोणाकडे होतं?

सर : कोणाकडेच नाही, तेच तं सांगून रायलो! इंटरनेट येण्याच्या आधी कोणी चार साधी कामं देऊन पोट्ट्यांची पायाभूत नोंद केली असती, अन् दोन वर्षांनी तीच कामं पुन्हा दिली असती, तं बाजू घेणाऱ्यालेही अन् विरोध करणाऱ्यालेही गप्प बसून वाचावं लागलं असतं. नोंद नव्हती म्हणून गाव प्रचाराच्या पडद्यावर गेलं. आदिवासी पोट्ट्यासाठी मोजणं ही शिक्षा नाही, मॅडम. त्याच्या बाजूनं साक्ष द्याले दुसरं कोण आहे?

मॅडम : साक्ष कोणत्या भाषेत घ्याल?

सर : म्हणजे?

मॅडम : हरिसालचं मूल घरात कोरकू बोलतं. कोरकू मुंडा कुळातली भाषा, तिचे नातेवाईक झारखंडातल्या मुंडारी आणि संथाली. मराठीशी तिचं रक्ताचं नातं नाही. पहिलीत ते मूल मराठी पाठ्यपुस्तकासमोर बसतं, आणि पडद्यावर जे येतं ते पुण्या-मुंबईच्या मराठीत नाहीतर हिंदीत, बटणं इंग्रजीत. तुम्ही त्याला मराठीत सांगाल, 'ही धारिका उघडून त्यात बदल करून जतन कर', आणि ते गप्प उभं राहील. तुमच्या वहीत शून्य पडेल. त्याच मुलाला मोठ्या भावाच्या फोनवर गाणं शोधताना, ते उतरवून घेताना, मित्राला पाठवताना तुम्ही पाहिलंय का?

सर : पाहिलं आहे. बाजाराच्या दिवशी धारणीत सारे पोट्टे तेच करत असतात.

मॅडम : मग त्याला येतं की येत नाही?

सरांनी याला लगेच उत्तर दिलं नसतं, आणि मीही देणार नाही. तंत्रकौशल्याच्या चाचण्यांतली ही सगळ्यात मोठी अडचण आहे. संगणक व माहिती साक्षरतेचा जो आंतरराष्ट्रीय अभ्यास २०१३ पासून ठरावीक वर्षांनी होतो, आयसीआयएलएस नावाचा, त्यात आठवीच्या मुलांना प्रत्यक्ष संगणकावर कामं दिली जातात : माहिती शोधा, ती विश्वासार्ह आहे का ठरवा, तिच्यावरून दुसऱ्यासाठी काहीतरी तयार करा. हातात यंत्र असणं आणि हे सगळं येणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे श्रीमंत देशांतही त्यातून दिसलं. पण तिथे मुलाशी त्याच्या शाळेच्या भाषेत बोलतात आणि बहुतेकांच्या घरची भाषाही तीच असते. मेळघाटात हे गृहीतच मोडतं. कोरकू बोलणारा माणूस शेजारी बसल्याशिवाय घेतलेली कोणतीही तंत्रचाचणी तिथे भाषेचीच चाचणी ठरेल, असं माझं ठाम मत आहे.

मॅडम : आणि सर, मोठ्यांची मोजणी आपण करून पाहिली आहेच. २००१ साली एमएस-सीआयटी ही संगणकाची परीक्षा सुरू झाली. पुढे नोकरीत प्रमाणपत्र सक्तीचं झालं, वेतनवाढ त्याला बांधली गेली. तालुक्याच्या गावांतून वर्ग भरले. पन्नाशीतले गुरुजी शाळा सुटल्यावर सायकलनं जाऊन माउस धरायला शिकले, त्या मेहनतीला माझा नमस्कार आहे. पण प्रमाणपत्र फाइलला लागलं आणि संगणक सुटला. कित्येक शाळांत पगारबिलाचं शालार्थचं काम आजही एकाच तरण्या शिक्षकाच्या गळ्यात आहे. सगळ्यांकडे प्रमाणपत्र आहे, काम एकालाच येतं.

सर : काहून तसं झालं? परीक्षा एकदाच झाली, अन् ज्या कामाची झाली ते काम त्याइले शाळेत कधी कराच नाही लागलं. गुरुजीले वर्ड शिकवलं. वर्गात वर्डचं काय काम? त्याले गणिताचा तास यंत्रानं कसा सोपा कराचा, हे कोणी शिकवलं नाही अन् विचारलंही नाही. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. वाईट मोजणी झाली म्हणून मोजणीच नको म्हणता तुम्ही.

मॅडम : जे सोपं असतं तेच मोजलं जातं, असं म्हणते मी. आपल्या अमरावती-अकोला रस्त्याचं पाहा ना. २०२२ च्या जूनमध्ये लोणी ते माना, ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत टाकलं, गिनीज बुकात नोंद झाली. मजुरांनी रात्रंदिवस काम केलं, कौतुक करायलाच हवं. पण त्या नोंदीत रस्ता टाकायला लागलेले तास आहेत. त्यावरून एसटीनं रोज येणाऱ्या-जाणाऱ्या मुलांचा प्रवास कसा झाला, हे त्या नोंदीतून कळणार नाही. ते पाहायला वेगळा माणूस लागतो, वेगळा वेळ लागतो. शाळेतही टीव्ही बसवल्याची तारीख सगळ्यांकडे आहे.

सर : बरं. मग वेळ देऊन पाहणारं कोणी आहे का? मले तं एकच दिसते, 'असर' नावाच्या शिक्षण-पाहणीवाले. २०२३ मध्ये त्यांनी चौदा ते अठरा वर्षांच्या ग्रामीण पोट्ट्यांचा अभ्यास केला. अठ्ठावीस जिल्हे घेतले देशातले, आपल्या राज्यातला नांदेड. घरी गेले अन् म्हणाले, घरातला स्मार्टफोन घेऊन ये. मग कामं दिली. गजर लाव, एका प्रश्नाचं उत्तर नेटवर शोध, यूट्यूबवर अमुक व्हिडिओ काढ अन् पाठव, नकाशावर इथून तिथं जाले किती वेळ लागते ते सांग. प्रश्नपत्रिका नाही, गुण नाही, शाळेचं नाव नाही. ज्यानं फोन आणला त्यातल्या बहुतेकांले व्हिडिओ सापडला. नकाशा मात्र एक तृतीयांशाच्या थोड्याच वर पोट्ट्यांले जमला. याले मी मोजणी म्हणतो.

मॅडम : हो, ही मला आवडते. आणि त्यातला एक आकडा मला झोपू देत नाही. फोन वापरता येणाऱ्या मुलग्यांमध्ये स्वतःचा फोन असलेले ४३.७ टक्के, मुलींमध्ये १९.८. फोन आणू शकले त्यातही मुलगे जास्त. पुढच्या वर्षी चौदा ते सोळा वयाच्या मुलांना विचारलं तेव्हाही तेच, ३६.२ आणि २६.९.

सर : मग? शाळेत तं सारे सारखे आहेत ना?

मॅडम : नाहीत, सर. शाळेत एक टॅब चार जणांत येतो. पहिल्या मिनिटाला तो एका मुलाच्या हातात असतो आणि तास संपेपर्यंत तिथेच राहतो. मुलगी काय करते? उत्तरं वहीत लिहिते. का? तिचं अक्षर चांगलं आहे म्हणून. गट हुशार दिसतो, काम पूर्ण होतं, फोटो छान येतो, पाहुणे खूश होतात. त्या मुलीचं बोट पडद्याला एकदाही लागलेलं नसतं. घरी फोन भावाचा, शाळेत टॅब वर्गमित्राचा. मी आता तासाला एक वही घेऊन बसते. कोण धरतं, किती वेळ, कोणी मागितला, कोणी दिला नाही. एवढंच लिहिते.

सर : बाप्पा! अन् मगापासून मोजणी नको म्हणून भांडून रायल्या. ही मोजणीच आहे.

मॅडम : आहेच. पण ती माझ्या वहीत आहे. दुसऱ्या दिवशी त्या मुलीला पहिल्यांदा टॅब देण्यासाठी आहे. लिंकवर जाण्यासाठी नाही.

हा मुद्दा मला या सगळ्या वादाचा गाभा वाटतो. शाळेत तंत्रज्ञान किती मुरलं हे ठरवताना आपण खोलीकडे, यंत्राकडे, शिक्षकाच्या प्रमाणपत्राकडे पाहतो. हात कोणाचा चालतो, ते पाहत नाही. हातावर लक्ष ठेवायला पैसे लागत नाहीत, शासन निर्णय लागत नाही, वर्गात बसलेला एक शिक्षक लागतो. आणि नेमका त्याचाच वेळ दुसरीकडे जातो आहे. वऱ्हाडातल्या शाळांत तंत्रज्ञान सगळ्यात खोलवर कुठे पोचलं असेल तर ते मुख्याध्यापकाच्या फोनमध्ये. २०२३ च्या डिसेंबरपासून मुलांची हजेरी चॅटबॉटवर, नियतकालिक मूल्यांकन चाचणीचे गुण पुण्याच्या विद्या समीक्षा केंद्राकडे, पोषण आहाराची रोजची नोंद, मग अपार क्रमांक, आधारवरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव जुळवणं. रेंज नाही म्हणून शाळेच्या गच्चीवर उभं राहून माहिती भरणारा शिक्षक हे आता नवलाचं दृश्य राहिलेलं नाही. तेवढा वेळ खाली वर्ग शिक्षकाविना असतो. माहिती राज्याला हवी असते, त्यात गैर काही नाही. पण माहिती वर नेणारी यंत्रणा इतकी तत्पर आणि शिकवणं सुधारणारी इतकी संथ, हे मला अन्यायाचं वाटतं, आणि ते स्पष्ट म्हटलं पाहिजे.

सर : ठीक. लिंक बाजूले ठेवा. आता मले सांगा, सातवीच्या पोट्ट्याले काय आलं म्हणजे त्याले तंत्रज्ञान आलं म्हणान तुम्ही? धारिका, जतन, हे नको. तुमच्या गावातलं सांगा.

मॅडम : कापूस घ्या. ग्रुपवर मेसेज फिरतो : लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये. मुलाला विचारायचं, हे खरं आहे का? त्यानं शोधायचं. त्याला सापडेल की आकडा खोटा नाही, पण तो २०२४-२५ चा आहे. २०२५-२६ साठी तो ८,११० झालेला आहे. कुठल्या पानावर सापडलं, ते पान सरकारचं की कोणा व्यापाऱ्याचं, वर तारीख काय आहे, हे त्यानं मला दाखवायचं. मग अकोटच्या बाजार समितीतला आजचा भाव काढून त्याशी ताडायचा. हे ज्याला आलं त्याच्या बापाला मापाच्या काट्यापाशी कोणी जुन्या भावानं गुंडाळू शकणार नाही.

सर : हे लय मोठं काम दिलं तुम्ही. यात गणित आलं, वाचन आलं.

मॅडम : येणारच. तंत्रज्ञान वेगळं काढून तपासलं की ते बटणांपुरतं उरतं. दुसरं काम पत्राचं. पूर्णेच्या खोऱ्यात आपला खारपाणपट्टा आहे, तुमच्या दर्यापूरला आणि आमच्या अकोटला दोन्हीकडे. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. ग्रामपंचायतीला देवनागरीत टंकून पत्र लिहायचं, त्याला पाण्याचा फोटो जोडायचा, मुद्दे क्रमानं मांडायचे. आणि तुमच्या धारणीच्या मुलासाठी वेगळं. आजीकडून एक कोरकू गोष्ट फोनवर ध्वनिमुद्रित कर आणि ती मराठीत वर्गाला सांग. तिथे कोरकू येणं ही अडचण ठरणार नाही, तीच त्याची ताकद होईल. पुस्तक त्याला जे देऊ शकलं नाही ते यंत्र देईल.

सर : अन् ते वाईट मेसेज, अनोळखी माणसं, त्याचं काय? पोरींच्या आया मले तेच विचारत.

मॅडम : तेही हवं. 'असर'नंच २०२४ ला विचारलं होतं. समाजमाध्यम वापरणाऱ्या चौदा ते सोळा वयाच्या मुलांपैकी एखादं खातं कसं अडवायचं किंवा त्याची तक्रार कशी करायची, हे ६२ टक्क्यांना माहीत होतं. म्हणजे दहातल्या जवळजवळ चौघांना नाही. पासवर्ड बदलून दाखव, अनोळखी नंबर अडवून दाखव. पाच मिनिटांचं काम आहे, मुलीला सगळ्यात आधी तेच यायला हवं. त्यासाठी फोन काढून घेण्याचा सल्ला देणारे पुष्कळ आहेत, शिकवणारे कमी.

सर : मान्य. आता माझं ऐका. प्रत्येक कामासमोर तीनच खुणा. एकट्यानं केलं, मदतीनं केलं, झालं नाही. बाजूले तारीख, अन् त्या महिन्यात यंत्रासमोर किती वेळ बसला तो वेळ, तुमच्या म्हणण्यानुसार. दिवाळीआधी एकदा, मार्चात एकदा, पोट्टे तेच. अन् केंद्राच्या शिक्षण परिषदेत सारे शिक्षक ते घेऊन बसतीन.

मॅडम : इथपर्यंत मी तुमच्यासोबत आहे. परिषदेच्या पुढे नाही.

सर : काहून?

मॅडम : पुढे गेलं की क्रमवारी लागते. जिल्ह्यात पहिला तालुका, तालुक्यात पहिली शाळा. वर आकडे हवेच असतील तर काही शाळा चिठ्ठीनं निवडा, शेजारच्या केंद्रातल्या शिक्षकांना तिथे पाठवा, त्यांनी कामं घेऊन पाहावीत, आणि शाळांची नावं गाळून जिल्ह्याचं चित्र काढा. धोरण ठरवायला तेवढं पुरतं.

सर : पुरत नाही. नावं गाळली की सर्वांत मागची शाळा त्या सरासरीत दडून जाते. मी धारणीत पाहिलं आहे, मॅडम. जिल्ह्याची सरासरी अमरावती शहराच्या अन् अचलपूरच्या शाळांनी वर उचललेली असते अन् त्या सरासरीच्या खाली जंगलातली शाळा झाकून जाते. तिचं नाव कोणी घेतलं नाही तं तिले यंत्र कोण देईन, शिक्षक कोण देईन? तुम्हाले नावाची भीती वाटते, मले नाव गायब होण्याची.

दोघांचीही भीती अनुभवातून आलेली आहे. माझा कल असा : यंत्रांची, विजेची, इंटरनेटची आणि शिक्षकांच्या रिक्त जागांची स्थिती शाळेच्या नावासकट ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी, कारण त्याची जबाबदारी मुलाची नाही, शिक्षकाचीही नाही, शासनाची आहे. मुलांच्या कौशल्याचा निकाल मात्र वर जाताना नावाशिवाय जावा. जिथे संधी नाही ती शाळा पहिल्या फलकावरूनच ओळखू येईल. सरांचं समाधान यानं पूर्ण होत नाही, हे मला माहीत आहे. यंत्र, वीज, शिक्षक सगळं असूनही मुलांना काहीच येत नाही अशी शाळा या रचनेत निसटू शकते. तिला पकडायचं काम केंद्रप्रमुखाचं, आणि त्यासाठी तो अहवाल गोळा करणारा कारकून न राहता वर्गात बसणारा शिक्षक असला पाहिजे. त्याच्याकडचे कागद कमी केल्याशिवाय ते व्हायचं नाही.

सर : चला, तुमच्या केंद्रात पहिली फेरी कधी घेता?

मॅडम : येत्या शिक्षण परिषदेत मांडते. कापसाचं काम आणि अनोळखी नंबर अडवण्याचं, दोनच घेऊ सुरुवातीला.

सर : पण शाळेत टॅब एक-दोनच. पोट्ट्यांले घरचा फोन आणा म्हणान. एखाद्या पोरीनं आणलाच नाही तं? गैरहजर लिहान?

मॅडम : नाही. 'फोन मिळाला नाही' असं लिहीन, तिच्या नावासमोर, आणि शाळेचा टॅब त्या दिवशी पहिल्यांदा तिलाच देईन.